कट कुठे आणि का: विद्यार्थ्यांच्या लघुपटांविषयीचे काही गैरसमज

महाविद्यालयांच्या लघुपट स्पर्धांमध्ये दोन शेरे हमखास ऐकू येतात. एक, ‘तंत्र उत्तम आहे, पण कथेत दम नाही.’ दुसरा, ‘कथा छान आहे, फक्त तंत्र कच्चं राहिलं.’ शेरे परस्परविरोधी वाटतात, पण दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे: कथा आधी कागदावर पूर्ण होते आणि तंत्र नंतर तिच्यावर चढवायचं असतं. विद्यार्थ्यांचं सर्वांत जास्त नुकसान ही समजूत करते. पडद्यावर कथा वेगळी अशी नसतेच. प्रेक्षकाला काय दिसलं, काय दिसलं नाही, आधी काय ऐकू आलं, कुणाच्या बाजूला उभं राहून त्याने ते पाहिलं आणि किती वेळ पाहिलं, एवढंच त्याच्या हाती येतं. हे ठरवणं म्हणजेच तंत्र. म्हणून एखादं तंत्र चांगलं की वाईट हे त्याच्या महागपणावर किंवा कौशल्यावर ठरत नाही. त्या जागी त्याने प्रेक्षकाला काय कळू दिलं आणि काय राखून ठेवलं, यावर ते ठरतं.

पहिला गैरसमज कॅमेऱ्याचा. चांगला कॅमेरा मिळाला असता तर फिल्म चांगली झाली असती, असं मनापासून मानलं जातं. दादासाहेब फाळके यांनी 1912 मध्ये लंडनहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणला आणि ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी एक छोटी फिल्म केली. कुंडीत लावलेला वाटाणा रुजतो, वाढतो, याची ठरावीक अंतराने एकेक फ्रेम घेत त्यांनी अनेक आठवडे नोंद केली. पडद्यावर रोप काही क्षणांत उगवलं. काळ आकसवायचा हा निर्णय त्या फिल्मची सगळी करामत होता, आणि तो यंत्रात आपसूक नव्हता. सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’ने (1955) जगभर नाव कमावलं, पण छायालेखक सुब्रत मित्र यांनी त्याआधी चलच्चित्राचा कॅमेरा हाताळलेलाही नव्हता. पुढच्याच ‘अपराजितो’मध्ये (1956) बनारसच्या घराचं अंगण स्टुडिओत उभारावं लागलं. वरून झिरपणारा, सावल्या न पाडणारा उजेड थेट दिव्यांनी मिळेना, तेव्हा मित्र यांनी वर पांढरं कापड ताणलं आणि दिव्यांचा प्रकाश त्यावरून परतवून खाली घेतला. या घराला खरा उजेड कसा मिळाला असता, या प्रश्नातून ते तंत्र जन्मलं.

यावर रास्त आक्षेप असा की साधनांचा फरक पडतोच. पडतो. कमी उजेडात स्वस्त सेन्सरवर दाणे उठतात. आपल्याकडे वीजपुरवठा 50 हर्ट्झचा आहे, त्यामुळे साध्या ट्यूबलाइटखाली शटर सेकंदाच्या पन्नासाव्या किंवा शंभराव्या भागावर न ठेवल्यास चित्र लुकलुकतं. हे शिकायलाच हवं, आणि ते एका दुपारीत शिकता येतं. बाकीचं एका दुपारीत येत नाही. 2024 मध्ये कान महोत्सवात चित्रपटशाळांच्या फिल्मसाठी असलेल्या ‘ला सिनेफ’ विभागाचा पहिला पुरस्कार पुण्याच्या एफटीआयआयमधील चिदानंद नाईक यांच्या ‘सनफ्लॉवर्स वेअर द फर्स्ट वन्स टू नो’ या कन्नड लघुपटाला मिळाला. ती फिल्म संस्थेच्या एका वर्षाच्या टेलिव्हिजन अभ्यासक्रमात झाली आणि शूटिंगला मिळाले ते चार दिवस. संस्थेचं पाठबळ होतं हे खरं, पण तेच पाठबळ असलेल्या सगळ्याच फिल्म तिथवर जात नाहीत.

दुसरा गैरसमज जास्त खोल आहे, कारण तो वर्गातूनच येतो. खालून घेतलेला शॉट म्हणजे सत्ता, वरून घेतलेला म्हणजे असहायता, वाकडी फ्रेम म्हणजे मनाचा तोल गेला, लाल रंग म्हणजे धोका. नोट्समध्ये हे शब्दकोशासारखं दिलेलं असतं आणि विद्यार्थी ते तसंच वापरतात. जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझू यांचा कॅमेरा जवळपास कायम जमिनीलगत असे, चटईवर बसलेल्या माणसाच्या नजरेच्याही खाली. त्या उंचीवरून दिसणारे म्हातारे आईबाप किंवा लग्नाला आलेली मुलगी सत्ताधारी वाटत नाहीत. सगळी फिल्मच तिथून दिसते, म्हणून ती उंची त्या घराची स्वाभाविक पातळी होते. एखाद्या शॉटला अर्थ येतो तो आजूबाजूच्या शॉटपेक्षा तो वेगळा असल्याने, आणि तो वेगळेपणा नेमका कुठे आला यावरून. प्रत्येक वाक्याला क्लोजअप वापरणाऱ्या लघुपटात खऱ्या मोक्याच्या क्षणी क्लोजअपला करण्यासारखं काहीच उरत नाही.

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ची (2014) नक्कल विद्यार्थ्यांच्या फिल्ममध्ये बरीच होते: कॅमेरा स्थिर, फ्रेम रुंद, कट लांबवलेला. त्यातून ‘लांब शॉट म्हणजे कलात्मक’ असा आणखी एक नियम तयार झाला आहे. ‘कोर्ट’मध्ये रुंद फ्रेम चालते कारण खटला हा एका माणसाचा प्रसंग नाही. आरोपी, वकील, न्यायाधीश, कारकून आणि आपल्या तारखेची वाट पाहत बसलेली माणसं एकाच चौकटीत दिसतात आणि नजर कुठे ठेवायची हे प्रेक्षक ठरवतो. शेवटाकडे कोर्टाला सुट्टी लागते, खोली रिकामी होते, दिवे बंद होतात आणि पडदा काळा राहतो. चित्रपट इथे संपला असं वाटतं, आणि तो संपत नाही. न्यायाधीश सहलीला गेलेले दिसतात. तो अंधार इतका वेळ धरला नसता, तर सहलीचा प्रसंग निव्वळ जोडलेला वाटला असता. त्या लांबीला कारण आहे. हॉस्टेलच्या खोलीत एकटा मुलगा दोन मिनिटं खिडकीबाहेर पाहतो, त्या लांबीला बहुतेक वेळा कारण नसतं.

संकेत असतातच, प्रेक्षकाला त्यांची सवय असते, मग ते शिकवायचेच नाहीत का? जरूर शिकवावेत, पण प्रेक्षकाची अपेक्षा म्हणून. दोन माणसं बोलत असताना कॅमेरा त्यांना जोडणाऱ्या काल्पनिक रेषेच्या एकाच बाजूला ठेवायचा, हा 180 अंशांचा नियम घ्या. काहींना तो व्यावसायिक सिनेमाचं बंधन वाटतो, काहींना तो मोडणं धाडसाचं वाटतं. वास्तविक तो दिशेचं साधं भान आहे: रेषा ओलांडली की दोघंही एकाच बाजूला पाहताना दिसतात, समोरासमोर बसल्याचं वाटत नाही. पात्रांमधलं नातं उलटतं त्या क्षणी हा गोंधळ हवा असेल तर रेषा जरूर ओलांडावी. खोली लहान होती म्हणून ती ओलांडली गेली, तर ती चूकच.

आता संकलनाकडे. कुलेशोव्ह प्रयोग प्रत्येक माध्यम अभ्यासक्रमात सांगितला जातो. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांनी नट इव्हान मोझुखिन याचा एकच निर्विकार चेहरा सूप, शवपेटी आणि स्त्री (काहींच्या सांगण्यात लहान मूल) यांच्या शॉटना जोडला, आणि प्रेक्षकांना त्यात भूक, दुःख, ओढ दिसली. यावरून ‘अर्थ एडिटमध्येच तयार होतो’ असा निष्कर्ष काढतात, आणि सेटवर त्याचं रूपांतर ‘राहू दे, एडिटमध्ये बघू’ या वाक्यात होतं. पण त्या मूळ प्रयोगाची फिल्म उपलब्ध नाही आणि तपशील सांगणाऱ्यांच्या हकिकती एकमेकींशी जुळत नाहीत. 1992 मध्ये स्टीफन प्रिन्स आणि वेन हेन्सली या अमेरिकी अभ्यासकांनी तो प्रयोग नव्याने करून पाहिला, तेव्हा तसा परिणाम आढळला नाही. 2016 मध्ये डॅनियल बॅरट आणि सहकाऱ्यांनी अधिक काळजीपूर्वक शॉट रचले, तेव्हा संदर्भाचा प्रभाव दिसून आला. म्हणजे शेजारचा शॉट चेहऱ्याचा अर्थ सरकवतो हे खरं, पण कोणताही चेहरा कशालाही जोडला की हवा तो अर्थ निघतो हे खरं नाही. नट कुठे पाहतोय, किती अंतरावरून पाहतोय, दोन्ही शॉटमधला उजेड एका जागेचा वाटतो का, हे जुळलं तरच जोड लागते. या सगळ्या गोष्टी शूटिंगच्या दिवशी ठरतात. संकलनाची खरी ताकद मान्य असेल, तर संकलकाला हवं ते आधी मिळवून दिलं पाहिजे. कॅमेरा सुरू होण्याआधी शॉटची यादी करण्यामागचं कारण तेच.

सर्वांत दुर्लक्षित राहतो तो ध्वनी, आणि इथे गैरसमजापेक्षा अनास्था जास्त आहे. चित्रपटाची भाषा म्हणजे दृश्यभाषा, असं धरून चाललं जातं. मग कॅमेऱ्यावरच्या माइकवर संवाद घेतात, ते पंख्याच्या घरघरीत बुडतात, आणि वरून पियानोची तयार धून टाकून सगळं झाकलं जातं. ‘फँड्री’मधला (2013) डुक्कर पकडण्याचा प्रसंग मराठी प्रेक्षकाला माहीत आहे. डुक्कर आता हाती लागणार, इतक्यात शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं आणि चित्रपटाचा शाळकरी नायक जब्या जागच्या जागी उभा राहतो, घरचेही थबकतात. त्या क्षणाचा सगळा भार फ्रेमबाहेरून आलेल्या आवाजावर आहे. नागरिक म्हणून जब्याकडून जे अपेक्षित आहे ते कानावर पडतं आणि गावाने त्याला दिलेलं काम डोळ्यांसमोर आहे. दोन्ही एकाच वेळी, एकही वाक्य न बोलता. हाच विरोध संवादातून सांगितला असता तर ते भाषण झालं असतं. रॉबेर ब्रेसाँ यांच्या ‘अ मॅन एस्केप्ड’मध्ये (1956) तुरुंग फारसा दिसत नाही. पावलं, किल्ल्या, दूरची आगगाडी यांच्या आवाजांतून तो उभा राहतो. कमी पैशांत काम करणाऱ्या विद्यार्थ्याने हे खास ध्यानात घ्यावं, कारण गर्दी, रेल्वे स्टेशन, पाऊस, शेजारचं भांडण हे दाखवायला महाग आणि ऐकवायला स्वस्त आहे. त्यासाठी माइक बोलणाऱ्याच्या जवळ नेणं आणि प्रत्येक जागेची निव्वळ शांतता, म्हणजे रूम टोन, मिनिटभर ध्वनिमुद्रित करणं एवढी शिस्त लागते. रूम टोन नसेल तर संवादांमधल्या कटवर पार्श्वभूमी तुटते आणि प्रेक्षकाला काहीतरी खटकतं.

इथे नेहमीचा आक्षेप येतो: सामान्य प्रेक्षकाला हे बारकावे कळत नाहीत, मग एवढा खटाटोप कशाला? ‘फँड्री’तलं ते राष्ट्रगीत फ्रेमच्या आतून येतं की बाहेरून, हे थिएटरमधल्या कुणी तपासलं नसेल, पण परिणाम त्यांच्यावर झाला. प्रेक्षकाला तंत्राचं नाव सांगता येत नाही, याचा अर्थ त्याला ते जाणवत नाही असा होत नाही. उलट त्याला नाव माहीत नसतं, म्हणून तो फसलेल्या तंत्राला ‘कंटाळवाणं’ म्हणतो आणि विद्यार्थी दोष कथेत शोधत बसतो.

राहिला संदेशाचा प्रश्न. लघुपट म्हणजे छोटा केलेला चित्रपट, त्यात सामाजिक संदेश आणि शेवटी धक्का हवा, ही अपेक्षा आयोजकच घालून देतात. रोमान पोलान्स्की यांनी वुच येथील चित्रपटशाळेत शिकताना ‘टू मेन अँड अ वॉर्डरोब’ (1958) केली. दोन माणसं समुद्रातून एक कपाट घेऊन येतात, शहरात त्यांना कुठेच थारा मिळत नाही, ती परत समुद्रात जातात. साधारण पंधरा मिनिटं, संवाद नाहीत. समाजाविषयी ती फिल्म भरपूर बोलते, पण शेवटच्या पाटीवर काही लिहून नाही.

म्हणून स्पर्धांच्या परीक्षकांना आणि माध्यम विभागांतल्या शिक्षकांना विनंती आहे. ‘उत्कृष्ट कथा’ आणि ‘उत्कृष्ट तंत्र’ असे वेगळे गुण देण्याआधी दिग्दर्शकाला त्याच्याच फिल्ममधला एक कट दाखवा आणि तो तिथेच का आहे, दोन सेकंद आधी का नाही, हे विचारा. मग चित्र बंद करून त्याच दृश्याचा नुसता आवाज ऐकवा आणि ही जागा कुठली, हे वर्गाला ओळखायला सांगा. या दोन प्रश्नांची उत्तरं द्यायची आहेत हे शूटिंगच्या आधी माहीत असलेला विद्यार्थी फोनवरही विचार करून चित्रीकरण करील.