नोकरीचा उमेदवार आणि त्याचें मन

आमचे विद्यार्थी शालान्त परीक्षा किंवा आय. टी. आय. चा अभ्यासक्रम पुरा करून नोकरीच्या शोधास लागतात, तेव्हां त्यांच्या हातीं गुणपत्रक असतें, अंगांत स्वच्छ सदरा असतो, आणि छातींत जी धडधड चाललेली असते तिच्याविषयीं त्यांस कोणीं कधीं कांहीं सांगितलेलें नसतें. त्या धडधडीचाच विचार या लेखांत करावयाचें आम्हीं योजिलें आहे.

औंढे गांवचा आमचा एक जुना विद्यार्थी हिशेबांत चोख, हाताचा कसबी, परंतु स्वभावानें अबोल असा होता. एका कारखान्यांत त्याची मुलाखत ठरली, तेव्हां आम्हीं त्याच्याकडून आठ दिवस प्रश्नोत्तरें घोकून घेतलीं. तुझे गुण कोणते, दोष कोणते, पांच वर्षांनीं तूं कोठें असशील, सर्व कांहीं मुखोद्गत. साहेबांनीं मात्र विचारलें, "औंढ्याहून सकाळच्या पाळीला रोज कसा येशील?" प्रश्न अगदीं साधा, आणि लोणावळ्याहून पहिली लोकल केव्हां सुटते हें त्याला आमच्याहून अधिक ठाऊक. पण तें पाठ केलेल्यांत नव्हतें, म्हणून तो खालीं मान घालून बसला. निवड झाली नाहीं. पुढें दुसरीकडे काम लागलें, तर मुकादम चारचौघांत ओरडला म्हणून तिसऱ्याच दिवशीं घरीं परतला. त्याची आई शाळेंत येऊन म्हणाली, "सर, पोरगं कुणाशीं बोलंना, जेवंना." त्या माउलीस काय उत्तर द्यावें हें आम्हांस सुचलें नाहीं. मुलाच्या शिक्षणांत एक विषय राहून गेला होता, आणि तो राहिला होता आमच्याच हातून.

या विषयाचा विचार जगांत पुष्कळ झाला आहे. १९९० सालीं पीटर सालोवे व जॉन मेयर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं भावनिक बुद्धिमत्तेची कल्पना मांडली. आपली व दुसऱ्याची भावना ओळखणें आणि त्या जाणिवेचा विचारांत व वागण्यांत उपयोग करणें, हा तिचा थोडक्यांत अर्थ. त्याच दशकांत जागतिक आरोग्य संघटनेनें शाळांसाठीं दहा जीवनकौशल्यें सांगितलीं. स्वतःची ओळख, समानुभूति, संभाषण, निर्णय घेणें, ताण सोसणें इत्यादि त्यांत येतात. यादी चांगली आहे. परंतु यादी फळ्यावर लिहून कोणास पोहतां येत नाहीं. हें शिक्षण सुतारकामाप्रमाणें हात घालूनच घ्यावें लागतें.

आतां आम्ही सराव असा घेतों. पहिली गोष्ट, धडधड नाहींशी करण्याच्या खटपटीस लागूं नये. बोलण्यापूर्वीं श्वास सावकाश, लांबवून सोडावा. त्यानें हृदयाची गति किंचित् मंदावते. मग स्वतःस विचारावें कीं, मला भीति नेमकी कशाची वाटते? बहुतेक मुलें सांगतात, आपल्या मावळी बोलीस कोणी हंसेल याची. भीतीला असें नांव मिळालें कीं ती आवांक्यांत येते. बोली लपविण्यांत शक्ति घालविण्यापेक्षां सावकाश व स्पष्ट बोलावें, एवढेंच आम्ही सांगतों.

"मला समजलें नाहीं" हें वाक्य तर मुलांस सर्वांत जड जातें. न समजतां मान डोलाविण्याची संवय आम्हां शिक्षकांनींच त्यांस लाविली आहे, हें कबूल केलें पाहिजे. यंत्रापुढें अशी मान डोलाविली तर बोट जाईल! म्हणून प्रत्येक विद्यार्थ्यास उभें करून, "साहेब, शेवटचें कळलें नाहीं, पुन्हां सांगाल का?" असें आम्ही मोठ्यानें म्हणावयास लावितों. पहिल्या दिवशीं वर्ग हंसतो. चौथ्या दिवशीं कोणी हंसत नाहीं.

त्यानंतर रागावलेल्या माणसाचा प्रसंग. एकानें मुकादम व्हावें, एकानें कामगार, आणि मग भूमिका बदलाव्या. मुकादम झालेल्या मुलास लवकरच कळतें कीं त्याच्याहि डोक्यावर कोणी माल मोजणारा बसला आहे. पावसाळ्यांत शनिवार-रविवारीं लोणावळ्याच्या हॉटेलांत नोकरी करणारांस तर हा प्रसंग घडोघडीं येतो. खोली तयार नाहीं म्हणून पाहुणा संतापला, तर त्यास मध्येंच तोडूं नये. त्याची तक्रार आपल्या शब्दांत त्यासच सांगावी, आणि काय करतां येईल व किती वेळांत तें सांगावें. न होणारें वचन देऊं नये.

पुण्यांत महानगरपालिकेच्या सहकार्यानें २०१६ पासून 'लाइटहाऊस' नांवाचीं केंद्रें चालतात. तेथें वस्त्यांतील तरुणांस धंदेशिक्षण देण्यापूर्वीं स्वतःची ओळख, आत्मविश्वास व संभाषण यांचा पाया घालतात, आणि मग नोकरीस लावून देतात. हा क्रम आम्हांस फार पटतो.

अशा शिक्षणाचें फळ मोजूनहि पाहिलें गेलें आहे. बंगळूरच्या तयार कपड्यांच्या कारखान्यांतील स्त्रियांस तें देऊन अध्वर्यु, काला व न्यषधम् या अर्थशास्त्रज्ञांनीं अभ्यास केला. तो २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. शिकलेल्या स्त्रियांचें उत्पादन इतरांहून १३.५ टक्के अधिक भरलें. त्यांची मजुरी मात्र अवघी ०.५ टक्का वाढली! हा दुसरा आंकडा पालकांनीं नीट पाहावा. हें शिक्षण निमूटपणें राबण्याचें होऊं नये. वेतन किती, सुट्टी कोणती, भविष्यनिर्वाह निधि कापला जातो कीं नाहीं, हें नम्रपणें पण स्पष्ट विचारतां येणें हाहि त्याचाच भाग आहे. कामांतील चूक दाखविणारी कानउघाडणी ऐकून घ्यावी. जातीवरून किंवा आईबापांवरून केलेला अपमान मुळींच ऐकून घेऊं नये, आणि तो वरिष्ठांस कळवावा.

पालकांस एक विनंति आहे. शाळेंत आम्हीं मुलास प्रश्न विचारला तर कृपा करून त्याचें उत्तर आपण देऊं नये. बँकेंत, दवाखान्यांत, पंचायतीच्या कचेरींत त्यासच पुढें करावें. तो अडखळला तर अडखळूं द्यावा. मुलगी असेल तर हें दुप्पट करावें, कारण तिला गप्प बसविणारे वाटेंत पुष्कळ भेटतात.

औंढ्याच्या त्या विद्यार्थ्यानें पुढें वर्गांत येऊन आमच्याबरोबर हा सराव केला. मुकादम तो स्वतः झाला, आणि कामगार आम्ही. तो असा कांहीं ओरडला कीं शेजारच्या वर्गांतील शिक्षक धांवत आले. त्यानंतर महिन्याभरानें तो एका मुलाखतीस गेला. संध्याकाळीं त्याचा फोन आला : "सर, एक प्रश्न कळला नाहीं. मीं पुन्हां विचारला." नोकरी मिळाली कीं नाहीं, हें सांगावयाचें तो विसरलाच, तें आम्हांस दुसऱ्या दिवशीं त्याच्या आईकडून कळलें.