साखळी आणि बाद : शालेय फुटबॉलच्या हंगामाची मांडणी

या स्मरणिकेत आपल्या शाळेच्या इमारतीविषयी, निकालांविषयी आणि ज्यांनी ही संस्था उभी केली त्यांच्याविषयी अनेकांनी लिहिले असेल. मी इतिहासाचा शिक्षक. परंतु वसतिगृहातील मुलांबरोबर माझी बरीच वर्षे वर्गाइतकीच मैदानाच्या कडेला उभे राहण्यात गेली. म्हणून प्रस्तुत लेखात मी फुटबॉलविषयी, आणि त्यातही गोल कसा मारावा याविषयी नव्हे, तर हंगाम कसा रचावा व नियम कसे असावेत याविषयी लिहिणार आहे. विषय वरवर कोरडा वाटेल. परंतु त्यामागे एक प्रसंग आहे, तो आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी आपला १७ वर्षांखालील मुलांचा संघ आंतरशालेय स्पर्धेत उतरला होता. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यापासून मुले पहाटे साडेपाचला उठून चिखलात सराव करीत होती. पहिल्याच सामन्यात बरोबरी झाली आणि पेनल्टी शूटआउटमध्ये आपण हरलो. तासाभरात सारे संपले. परतीच्या बसमध्ये एका मुलाने विचारले, "सर, आता पुढची मॅच कधी?" मी सहज म्हणालो, "पुढच्या वर्षी." तो गप्प झाला. तो दहावीत होता, हे माझ्या ध्यानात नंतर आले.

त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर स्पर्धेच्या पद्धतीत दडलेले आहे.

दोन पद्धती, दोन हिशेब

स्पर्धा घेण्याच्या मुख्य पद्धती दोन : बाद पद्धत आणि साखळी पद्धत. बाद पद्धतीत जो हरला तो बाहेर. १६ शाळा असतील तर विजेता ठरवण्यास १५ सामने पुरतात. कारण प्रत्येक सामन्यात एक संघ बाद होतो आणि शेवटी एकच उरायचा असतो. परंतु याचा दुसरा अर्थ असा, की १६ पैकी ८ शाळांची मुले केवळ एक सामना खेळून घरी जातात.

साखळी पद्धतीत प्रत्येक संघ प्रत्येकाशी खेळतो. संघसंख्येला तिच्यातून एक वजा केलेल्या संख्येने गुणावे आणि दोनाने भागावे, म्हणजे सामन्यांची संख्या मिळते. ८ संघ असतील तर ८ गुणिले ७ भागिले २, म्हणजे २८ सामने. बाद पद्धतीत हेच काम ७ सामन्यांत झाले असते. श्रम चौपट, हे खरे. परंतु येथे सर्वांत दुबळा संघही ७ सामने खेळतो. पहिल्या सामन्यात झालेली चूक सुधारण्यास त्याला सहा संधी मिळतात.

शासकीय शालेय स्पर्धांना मी दोष देत नाही. नवी मुंबई महानगरपालिका क्षेत्रातून विजयी झालेला संघ विभागस्तरावर जातो, राज्यातील आठ विभागांतून राज्यस्तर आणि तेथून राष्ट्रीय स्तर, अशी ही शिडी आहे. थोड्या दिवसांत, थोड्या मैदानांवर असंख्य शाळांतून एक संघ निवडायचा तर बाद पद्धतीवाचून गत्यंतर नसते. भारतीय वायुदलाचे पहिले भारतीय प्रमुख एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी यांच्या नावाने १९६० पासून चाललेल्या सुब्रतो चषक स्पर्धेत राष्ट्रीय टप्प्यावर आधी गटवार साखळी आणि मग बाद फेरी असते. म्हणजे साखळीचा लाभ शिडीच्या वरच्या पायरीवर मिळतो. ज्यांना तो सर्वाधिक हवा, ती खालच्या पायरीवरची मुले त्यास मुकतात.

निवड करणे हा स्पर्धेचा हेतू असेल तर बाद पद्धत पुरेशी आहे. शिक्षण हा हेतू असेल तर साखळीच हवी. शासकीय स्पर्धेच्या जागी नव्हे, तर तिच्या जोडीला आपल्या परिसरातील शाळांनी आपली साखळी चालवावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

हे अशक्य नाही. कोल्हापुरात राजर्षी शाहू स्टेडियमवर कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या साखळीने वरिष्ठ गटाचा हंगाम सुरू होतो आणि पेठापेठांतील तालीम मंडळांचे संघ त्यात परस्परांशी भिडतात. बाद पद्धतीच्या चषकस्पर्धा त्यानंतर येतात. २०१७ मध्ये १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरच्या मातीतला. एखाद्या गावात खेळ रुजतो तो अशा नियमित सामन्यांमुळे.

वेळापत्रक कसे बांधावे

आठ शाळांची साखळी गृहीत धरू. संघांना १ ते ८ क्रमांक चिठ्ठ्या टाकून द्यावेत. पहिल्या फेरीत १ विरुद्ध ८, २ विरुद्ध ७, ३ विरुद्ध ६, ४ विरुद्ध ५. पुढे १ क्रमांक जागेवर ठेवून बाकीचे सर्व एकेक घर पुढे सरकवावेत. दुसरी फेरी मग अशी होते : १ विरुद्ध ७, ८ विरुद्ध ६, २ विरुद्ध ५, ३ विरुद्ध ४. असे सात वेळा केले की प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ पडते, आणि एकही जोडी दोनदा येत नाही. संघ सातच असतील तर आठवी जागा रिकामी धरावी. ज्याची गाठ रिकाम्या जागेशी पडेल त्यास त्या आठवड्यात विश्रांती. ही युक्ती आमच्या नववीच्या मुलांनी फळ्यावर सोडवून दाखवली आहे.

एका फेरीत चार सामने होतात. प्रत्येकी २५ मिनिटांचे दोन डाव, १० मिनिटांचे मध्यंतर आणि दोन सामन्यांमध्ये १५ मिनिटे धरली, तर सकाळी सातला सुरू झालेली फेरी पावणेबाराला संपते. ऊन चढण्याआधी मुले सावलीत येतात आणि मैदान अर्ध्याच दिवसासाठी मागावे लागते. आपल्याकडे सेक्टरमधील मैदानावर क्रिकेट, लग्नसमारंभ आणि उत्सव या सर्वांचा हक्क असतो, तेव्हा हा मुद्दा गौण नाही.

सात फेऱ्यांसाठी सात शनिवार हवेत. पावसाळ्यात शासकीय स्पर्धा असतात, ऑक्टोबरात सत्र परीक्षा, पुढे दिवाळीची सुटी. म्हणून नोव्हेंबरच्या तिसऱ्या शनिवारी आरंभ करावा. डिसेंबरचा पहिला आठवडा सोडावा, कारण ६ डिसेंबरला आपली मुले व पालक चैत्यभूमीवर असतात. नाताळची सुटी असलेल्या शाळांसाठी तो आठवडाही मोकळा ठेवावा. अशा रीतीने नोव्हेंबरात दोन, डिसेंबरात दोन आणि जानेवारीत तीन फेऱ्या होऊन तिसऱ्या शनिवारी साखळी पूर्ण होते. दहावीच्या पूर्वपरीक्षेच्या तारखा सर्व शाळांकडून आधी मागवाव्यात आणि पुढे ढकललेल्या सामन्यांसाठी एक शनिवार राखून ठेवावा. पारितोषिके २६ जानेवारीच्या झेंडावंदनानंतर द्यावीत.

गुण आणि बरोबरी

विजयास ३ गुण, बरोबरीस १, पराभवास शून्य. पूर्वी विजयास २ गुण असत. संघ बरोबरीवर समाधान मानून बचावात्मक खेळू लागले, म्हणून इंग्लंडच्या साखळीने १९८१ मध्ये ३ गुणांचा नियम आणला. विश्वचषकात तो १९९४ पासून लागू झाला. नियम बदलला की वागणूक बदलते, याचे हे सोपे उदाहरण आहे.

दोन संघांचे गुण समान झाल्यास काय करावे, हे हंगामापूर्वीच लिहून ठेवावे : प्रथम गोलफरक, मग केलेले एकूण गोल, मग त्या दोघांमधील सामन्याचा निकाल. शालेय साखळीसाठी मी एक पुस्ती जोडेन. गोलफरक मोजताना एका सामन्यातील ५ पेक्षा अधिक फरक धरू नये. म्हणजे नवख्या संघावर बारा-पंधरा गोल लादण्यात कोणास लाभ राहत नाही.

शेवटच्या फेरीविषयी इतिहासाने एक धडा दिला आहे. १९८२ च्या विश्वचषकात अल्जीरियाचा शेवटचा गटसामना २४ जूनला झाला. दुसऱ्या दिवशी पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया मैदानात उतरले तेव्हा कोणत्या निकालाने दोघेही पुढे जातात, हे त्यांना ठाऊक होते. जर्मनीने लवकर एक गोल केला आणि उरलेला वेळ दोन्ही संघांनी चेंडू इकडून तिकडे फिरवण्यात घालवला. अल्जीरिया बाहेर गेला. नियम कोणीच मोडला नव्हता. तरीही अन्याय झाला. १९८६ पासून गटातील शेवटचे सामने एकाच वेळी होऊ लागले. आपणही शेवटच्या शनिवारी दोन मैदाने मिळवावीत आणि विजेतेपद ज्यांवर अवलंबून आहे ते सामने एकाच वेळी सुरू करावेत.

पात्रता, पादत्राणे, शिस्त

१७ वर्षांखालील गटात वयाची अट ही सर्वांत नाजूक बाब आहे. ऊसतोडणीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांतील मुलांच्या जन्माची नोंद अनेकदा झालेली नसते. मग शाळेत दाखल करताना गुरुजींनी अंदाजाने लिहिलेली १ जून हीच जन्मतारीख होते. हजेरीपटावर कितीतरी वाढदिवस एकाच दिवशी का येतात, याचे कोडे त्यात आहे. एका वर्षी आमच्या गोलरक्षकाच्या दाखल्यावरील आणि आधार कार्डावरील जन्मवर्षे जुळली नाहीत. त्यास मैदानाबाहेर बसावे लागले. कागद मी आधी तपासले नव्हते; चूक माझी होती, शिक्षा त्याला झाली. म्हणून प्रवेशिका व ओळखपत्रे सामन्याच्या दिवशी न तपासता ऑगस्टमध्येच तपासावीत; दुरुस्तीला वेळ मिळतो. खोटे वय लावणाऱ्यास मात्र क्षमा नको. मोठ्या वयाचा एक मुलगा खेळवला, की खऱ्या वयाच्या मुलाची जागा हिरावली जाते.

पादत्राणे आणि शिन गार्ड नियमानेच बंधनकारक आहेत. १९११ मध्ये मोहन बागानच्या बहुतेक खेळाडूंनी अनवाणी खेळून इंग्रज पलटणीच्या संघाला हरवले, याचा आपल्याला अभिमान वाटतो. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्येही आपले बहुतेक खेळाडू अनवाणीच होते आणि फ्रान्सकडून २-१ असे हरले. पुढे १९५२ मध्ये हेलसिंकीच्या थंडीत युगोस्लाव्हियाने १०-१ असा पराभव केला, आणि त्यानंतर भारतात बूट अनिवार्य झाले. अनवाणी पायांचे कौतुक जरूर करावे, परंतु मुलांना बूट द्यावेत. प्रत्येक शाळेने मापांप्रमाणे बूट जपून ठेवले, तर एकच जोड तीन-चार वर्षे वेगवेगळ्या पायांच्या कामी येतो.

बाकी नियम आंतरराष्ट्रीयच पाळावेत. ११ खेळाडू, ७ पेक्षा कमी उरल्यास सामना थांबतो. दोन पिवळी कार्डे म्हणजे लाल. मात्र कुमार गटासाठी या नियमांतच काही सवलती आहेत : सामन्याची वेळ कमी करता येते, बाहेर गेलेला बदली खेळाडू पुन्हा आत येऊ शकतो, आणि पिवळ्या कार्डाऐवजी काही मिनिटे बाहेर बसवण्याची शिक्षा देता येते. यांपैकी पुन्हा आत येण्याची सवलत आपण अवश्य घ्यावी आणि तिला एक अट जोडावी : यादीतील प्रत्येक मुलगा हंगामात किमान तीन सामन्यांत एक पूर्ण डाव खेळलाच पाहिजे. सात सामने बाकावर बसून काढलेल्या मुलाला साखळीचा काय उपयोग? डोक्याला मार लागलेला खेळाडू मात्र त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरणार नाही. गोलखांब जमिनीत पक्के रोवलेले असल्याशिवाय शिट्टी वाजणार नाही.

हरकत असल्यास ती संघाच्या शिक्षकाने सामना संपल्यापासून एका तासात लेखी द्यावी. मैदानावर पंचांशी वाद नको. निर्णय तीन शाळांच्या शिक्षकांची समिती देईल. ज्या दोन शाळांचा तो सामना असेल, त्यांचा शिक्षक त्या समितीत बसणार नाही. स्वतःच्या खटल्यात कोणी न्यायाधीश असू नये, हे तत्त्व मुलांना नागरिकशास्त्राच्या पुस्तकापेक्षा येथे लवकर उमगते.

एक विनंती

नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २०१७ मध्ये मुलांच्या १७ वर्षांखालील विश्वचषकाचा उपान्त्य सामना झाला, २०२२ मध्ये मुलींच्या विश्वचषकाची अंतिम लढत झाली. खारघरला सिडकोने फुटबॉलसाठी खास केंद्र उभारले आहे. नवी मुंबईला मैदानांचे व झगमगाटाचे वावडे नाही. उणीव आहे ती आठ शाळांनी एकत्र बसून सात शनिवार राखून ठेवण्याची.

माजी विद्यार्थ्यांना माझे सांगणे एवढेच, की या कामी देणगीपेक्षा तुमचा वेळ अधिक मोलाचा आहे. मुख्य पंच प्रशिक्षित हवा. परंतु रेषेवर झेंडा घेऊन उभे राहणे, गुणतक्ता लिहिणे, प्रथमोपचाराची पेटी सांभाळणे, एखाद्या मुलाच्या दाखल्यासाठी कार्यालयात खेटे घालणे, ही कामे तुम्ही करू शकता. बसमध्ये मला प्रश्न विचारणारा तो मुलगा आज तुमच्यापैकीच एक आहे. त्याने येऊन एका बाजूचा झेंडा हाती घ्यावा. परतताना पुन्हा एखाद्या मुलाने "सर, आता पुढची मॅच कधी?" असे विचारले, तर या वेळी मला "येत्या शनिवारी" असे उत्तर द्यायचे आहे.