हॉलंडमध्ये लहान घर भाड्याने घेताना



मुलगा-सून हॉलंडला आहेत, त्यांच्याजवळ पण आपल्या वेगळ्या लहान घरात राहावे, असे मनात असलेली मंडळी मला विचारतात, म्हणून हे लिहिते. मी आयुष्यभर नर्सचे काम केले. त्यामुळे घर बघताना रंग आणि टाइल्स मला नंतर दिसतात. या घरात आजारी माणसाचे कसे होईल, हे आधी दिसते.

आमस्टरडॅमच्या दक्षिणेला बाउटनफेल्डर्ट ही शांत वस्ती आहे. 1960 च्या सुमारास वसलेली, झाडे भरपूर. सिनेगॉग आणि कोशेर दुकाने जवळ असल्यामुळे आपल्या लोकांना सोयीची. लगतच आमस्टेलवेन, तिथे भारतीय कुटुंबे पुष्कळ.

पहिली गोष्ट जिना. जुन्या शहरातले जिने इतके अरुंद आणि उभे, की सामानसुद्धा छपराजवळच्या हुकाला दोर लावून खिडकीतून वर घेतात. पेशंटला जिन्याने खाली आणता आले नाही, तर अॅम्ब्युलन्सवाले अग्निशामक दलाची शिडीची गाडी मागवतात! म्हणून तळमजला किंवा लिफ्ट बघा, आणि लिफ्टच्या आधी चार पायऱ्या नाहीत ना, तेही बघा.

दुसरी न्हाणीघर. नवीन केलेले असले तरी उंबरठा उंच आहे का, टबात पाय उचलून जावे लागते का, भिंतीला धरायला दांडी बसेल का, हे स्वतः आत उभे राहून पाहावे. एक घर फार सुंदर सजवलेले होते, पण टबाची कड माझ्या गुडघ्याच्या वर. मी नको म्हटले.

जाहिरातीतले शब्द समजून घ्या. 'काल' म्हणजे बोडके घर: जमिनीवर फरशी-लाकूड काही नाही, पडदे नाहीत, कधी दिवेही नाहीत. 'खेस्टॉफेर्ट' म्हणजे जमीन आणि पडदे केलेले. 'खेमोबिलेर्ट' म्हणजे फर्निचरसकट.

आता भाडे. इथे घराला सरकारी गुण असतात. घराचा आकार, स्वयंपाकघर, न्हाणीघर, बाल्कनी, वीज-गॅस किती वाचते, यांवर ते ठरतात. नुसत्या ताज्या रंगाला एकही गुण नाही! 1 जुलै 2024 च्या कायद्यापासून नवीन करारात 186 गुणांपर्यंतच्या घराला भाड्याची कमाल मर्यादा आहे. 2025 साली 186 गुणांना ती सुमारे 1,185 युरो होती. 1 जानेवारी 2025 पासून नवीन करारासोबत गुणांचा हिशेब देणे मालकाला बंधनकारक आहे, तो मागून घ्या. भाडे जास्त वाटले तर ह्यूरकोमिसी या सरकारी समितीकडे दाद मागता येते; पहिल्या सहा महिन्यांतच मागावी. डिपॉझिट दोन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. मालकाच्या एजंटने तुमच्याकडे दलाली मागितली, तर ती देऊ नका.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे पत्त्याची नोंद. चार महिन्यांपेक्षा जास्त राहणाऱ्याने आल्यापासून पाच दिवसांत खेमेन्टमध्ये, म्हणजे आपल्या म्युनिसिपालिटीसारख्या कचेरीत, नोंद करायची असते. तिथेच नागरी क्रमांक मिळतो, आणि तो नसेल तर आरोग्य विमा, बँक सगळे अडते. काही मालक म्हणतात, "घर घ्या, पण इथे नोंद करू नका." असे घर कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये.

सही करण्याआधी जवळच्या हाउसआर्टला, म्हणजे फॅमिली डॉक्टरला, फोन करा. ते आपल्या भागातलेच पेशंट घेतात, आणि पुष्कळांच्या याद्या भरलेल्या असतात. इथे स्पेशालिस्टकडे सरळ जाता येत नाही, हाउसआर्टची चिठ्ठी लागते. ब्लडप्रेशर-डायबेटिसच्या माणसाने डॉक्टर पक्का झाल्याशिवाय घर पक्के करू नये.

आपल्या औषधांची यादी, औषधांच्या मूळ नावांनिशी, इंग्रजीत लिहून जवळ ठेवा. करार डच भाषेत असतो. मुलांना किंवा जाणकाराला तो पूर्ण वाचून दाखवायला सांगा, मगच सही करा.