पाचांच्या मताने खेळावयाचा डाव

बुद्धिबळ हा दोघांचा खेळ, असा सर्वसाधारण समज आहे. पटाच्या दोन्ही अंगांस दोन माणसे बसावीत, इतरांनी मागे उभे राहून पाहावे आणि कोणी तोंड उघडलेच तर त्यास दटावावे, ही आपल्याकडील रीत. परंतु ह्या मागे उभ्या असलेल्या मंडळींनाच खेळावयास बसविले तर? एक बाजू एका माणसाची नसून एका गावाची, एका संघाची असली तर?

ही कल्पना नवी नाही. १८२४ ते १८२८ ह्या काळात एडिंबरो व लंडन येथील मंडळांनी पत्राने सामना खेळला आणि तो एडिंबरोने जिंकला. आपल्या देशात १८२८च्या सुमारास मद्रास व हैदराबाद ह्यांच्यामध्ये असेच दोन डाव पत्राने झाले. मद्रासच्या बाजूस गुलाम कासिम हे नामांकित खेळाडू होते, आणि ते डाव १८२९ साली मद्रासेत पुस्तकरूपाने छापले गेले. एका खेळीस टपालाचे कित्येक दिवस लागत. हुंडी पाठवून उत्तराची वाट पाहणाऱ्या व्यापाऱ्यास तो धीर समजावून सांगावयास नको.

इंटरनेटने टपाल नाहीसे केले, आणि संघास सीमा उरली नाही. २१ जून १९९९ रोजी जगज्जेता गॅरी कास्पारॉव्ह एका बाजूस व सारे जग दुसऱ्या बाजूस, असा डाव सुरू झाला. ७५ देशांतील ५० हजारांहून अधिक माणसे त्यात सहभागी झाली. चार तरुण सल्लागार खेळी सुचवीत, लोक चर्चा करीत आणि बहुमताची खेळी पटावर होई. सल्लागारांपैकी इरिना क्रश ही अवघी १५ वर्षांची मुलगी होती. दहाव्या खेळीस तिने सुचविलेली वजिराची चाल पूर्वी कोणी खेळलेली नव्हती, आणि तिने कास्पारॉव्हसारख्यासही विचारात पाडले.

हा संघ टिकला तो मतांच्या संख्येमुळे नव्हे, असे आमचे मत आहे. तो टिकला, कारण मत देण्यापूर्वी कोणीतरी रात्र जागून खेळीची कारणे लिहून ठेवीत असे. ५८व्या खेळीच्या वेळी क्रशची शिफारस मतदारांपुढे वेळेवर आली नाही. जगाने दुसरीच खेळी निवडली, आणि बरोबरीची आशा मावळली. २२ ऑक्टोबर रोजी, ६२ खेळ्यांनंतर, ५१ टक्के मतांनी जगाने हार पत्करली. कास्पारॉव्हने पुढे कबूल केले की, जगाची ती उघड्यावरची चर्चा तो स्वतः वाचीत असे! आपल्या पेढीचे भाव समोरच्या दुकानदारासमक्ष ठरविणारा व्यापारी कोणी पाहिला आहे काय?

२०२५ साली मात्र मॅग्नस कार्लसनसारख्या खेळाडूस १ लाख ४३ हजारांच्या संघाने ३२ खेळ्यांत बरोबरीवर आणले. त्या डावात मोहऱ्यांची मांडणीच नेहमीहून वेगळी होती. पाठांतर कोणाच्याही कामास येण्यासारखे नव्हते.

अनेकांच्या कारभारास आपण 'बारभाईंचा कारभार' म्हणून हिणवतो. हा बारभाईंवर थोडा अन्यायच आहे. १७७४ साली त्या कारभाऱ्यांनी एकविचाराने सवाई माधवरावांची गादी राखली. जानेवारी १७७५ मध्ये आपल्या धारच्या किल्ल्यात दुसरा बाजीराव जन्मला, तेव्हा त्याचा पिता राघोबा त्याच बारभाईंपासून पळत होता. 'पाचामुखी परमेश्वर' ही म्हण खरी व्हावयाची तर पाचही मुखांनी आधी विचार केलेला असावा लागतो. अनेकान्ताची शिकवण असलेल्या समाजास हे कळणे कठीण नाही: प्रत्येक नय आपल्यापुरता खरा असतो, परंतु तो दुसऱ्यापुढे मांडला गेला पाहिजे.

धार जिल्ह्याच्या नैर्ऋत्य टोकास असलेल्या डहीसारख्या गावी हा खेळ सहज रुजेल. शिक्षणासाठी इंदूर-पुण्यास गेलेली मुले आणि दुकानावर बसलेले त्यांचे काका-आजोबा एकाच संघात येऊ शकतात. अंतराची अडचण मोबाइलने काढून टाकली आहे. प्रारंभी कुक्षीच्या मंडळींशी एक डाव मांडावा. प्रत्येक खेळीस एक दिवस द्यावा. मत देणाऱ्याने कारणाची एक ओळ लिहावी. कारण नसलेले मत मोजू नये. मतभेद अटीतटीचा झाला तर तिघांनी निवाडा करावा, आणि त्या तिघांत एक तरी विशीच्या आतला असावा. चर्चेची खोली बंद असावी. संगणकाचा सल्ला घेणे हे दुसऱ्याच्या वहीतून बेरीज उतरविण्यासारखे आहे. ते वर्ज्य समजावे.

पैज मात्र कवडीचीही नको. सप्तव्यसनांत द्यूताचे नाव पहिले आहे, आणि पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस २०२५च्या कायद्यानेही बंदी केली आहे. खेळी ठरविण्याची वेळ सूर्यास्तापूर्वीचे भोजन आटोपून दुकाने बंद झाल्यानंतरची ठेवावी, म्हणजे गिऱ्हाईक ताटकळणार नाही. पर्युषणात आणि दिवाळीच्या वहीपूजनाच्या दिवशी घड्याळ थांबलेले असावे; कुक्षीकरही त्यास हरकत घेतील असे आम्हांस वाटत नाही.