वाय-फाय भिंतीत अडकतंय? विजेच्या वायरीतून इंटरनेट नेता येतं, पण जुन्या घरात आधी वायरिंग बघा

ओसरीवर फोन धरला तर 100 एमबीपीएसचा प्लॅन जवळजवळ पुरता मिळतो. चौक ओलांडून माजघरात गेलं की वाय-फायच्या दोन दांड्या उरतात. आणि त्याच्याही मागच्या खोलीत, म्हणजे दार लावून ऑनलाइन परीक्षा देता येईल किंवा ऑफिसची मीटिंग करता येईल अशा घरातल्या एकमेव शांत जागी, स्क्रीनवर नुसतं गोल चक्र फिरत राहतं. घर बारामतीच्या जुन्या भागातलं असो की इंदापूरच्या गावठाणातलं, तक्रार सारखीच.

यात इंटरनेट कंपनीचा दोष फारसा नसतो. फायबर जोडणारा माणूस रस्त्याकडून केबल आणतो, पहिल्या दाराजवळ राउटर ठोकतो आणि निघून जातो. तिथून पुढचं काम भिंतींच्या हातात. बारामतीत कऱ्हेच्या काठी बाबूजी नाईकांचा वाडा आहे. कवी मोरोपंत याच नाईकांच्या आश्रयाने बारामतीत राहिले. त्या काळापासून या भागात दगड, विटा आणि मातीच्या जाड भिंती बांधायची रीत होती. दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती उन्हाळ्यात घर गार ठेवतात, पण वाय-फायच्या लहरीही गिळतात. पावसाळ्यात माती ओल धरते, तेव्हा आणखी जास्त. वर पत्रा असेल तर लहरी त्यावर आपटून भलतीकडेच जातात. 5 गिगाहर्ट्झचं वाय-फाय वेगवान खरं, पण भिंतीपुढे 2.4 पेक्षा लवकर हात टेकतं.

मग ऑनलाइन दुकानात एक वस्तू दिसते: पॉवरलाइन अडॅप्टर. दोन डब्यांची जोडी. एक राउटरजवळच्या सॉकेटमध्ये लावायचा आणि लॅन केबलने राउटरला जोडायचा. दुसरा मागच्या खोलीतल्या सॉकेटमध्ये लावायचा. भिंत फोडायची नाही, नवी वायर ओढायची नाही. भिंतीतली विजेची वायरच इंटरनेट पलीकडे नेते.

ही काही जाहिरातवाल्यांची थाप नाही. वीज मंडळं हेच काम अनेक दशकं करत आली आहेत. मोठ्या उपकेंद्रात उच्चदाबाच्या तारेला लटकलेला किंवा खांबावर बसवलेला पिंपासारखा गोल डबा अनेकांनी पाहिला असेल. त्याला वेव्ह ट्रॅप म्हणतात. एका उपकेंद्रातून दुसऱ्या उपकेंद्राशी बोलण्यासाठी आणि बिघाडाचा इशारा पाठवण्यासाठी वीजवाहिनीच्याच तारांवरून संदेश पाठवतात, आणि तो संदेश भलतीकडे जाऊ नये म्हणून हा डबा त्याला अडवतो. आता त्या कामासाठी फायबरही आलं आहे, पण कल्पना जुनी आणि पारखलेली आहे.

घरातल्या अडॅप्टरचं तत्त्व समजायला उजनीचा जलाशय आठवा. खाली पाण्याची संथ, मोठी हालचाल आणि तिच्यावर वाऱ्याने उठलेले बारीक तरंग. आपली 230 व्होल्टची वीज सेकंदाला 50 वेळा हेलकावे खाते, ती मोठी लाट. अडॅप्टर तिच्यावर सेकंदाला लाखो-कोटी वेळा थरथरणारे बारीक तरंग सोडतो. होमप्लग एव्ही नावाच्या प्रचलित पद्धतीत ही पट्टी साधारण 2 ते 28 मेगाहर्ट्झची असते. पलीकडचा अडॅप्टर मोठी लाट गाळून टाकतो आणि फक्त तरंग वाचतो.

हे तरंग एकाच वाटेने जात नाहीत. त्या पट्टीचे नऊशेहून अधिक बारीक पदर केलेले असतात. गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टरांनी मोठा रस्ता अडवला की माहीतगार माणूस आतल्या वाटेने गाडी काढतो, तसंच इथेही होतं. ज्या पदरावर गोंगाट आहे तिथे अडॅप्टर कमी माहिती टाकतो, जो मोकळा आहे तिथे जास्त. ही तपासणी सतत चालू असते.

हा गोंगाट करतं कोण? घरातलीच उपकरणं. स्वस्त एलईडी बल्ब, मोबाइलचे चार्जर, मिक्सर, पाण्याची मोटर. म्हणून सकाळी नऊला नीट चाललेली मीटिंग कोणी चटणी वाटायला घेतली की अडखळते.

खोक्यावरचा आकडा

खोक्यावर 600 एमबीपीएस लिहिलेलं असतं. तो आदर्श स्थितीतला कच्चा वेग, जाण्याचा आणि येण्याचा मिळून. प्रत्यक्ष वेग त्याच्या जवळपासही फिरकत नाही. शिवाय 600 च्या कित्येक अडॅप्टरना लॅनचा पोर्ट 100 एमबीपीएसचाच असतो, म्हणजे चांगल्यात चांगल्या वायरिंगवरही त्यापुढे जाणं शक्य नाही. तरीही व्हिडिओ कॉलला किंवा परीक्षेला काही मोजके एमबीपीएस पुरतात, फक्त ते सलग मिळायला हवेत. तेवढं मिळालं तर काम झालं.

खरी अडचण भिंतीच्या आत

अडॅप्टर नवा असला तरी तो चालतो घरातल्या सगळ्यात जुन्या गोष्टीवर. लाकडी पट्टीवरून गेलेली वायर, चिनी मातीचे किटकॅट फ्यूज, पिळा मारून चिकटपट्टी गुंडाळलेले जोड, नंतर वाढवलेला एखादा बोर्ड. अशा प्रत्येक जोडावर तरंग थोडे परत फिरतात, थोडे विरतात. एव्ही 2 या नव्या पद्धतीचे काही अडॅप्टर फेज आणि न्यूट्रलबरोबर अर्थिंगची तारही वापरून वेग वाढवतात. जुन्या घरात तिसरं भोक नुसतं नावाला असतं, मागे अर्थिंगची तार जोडलेलीच नसते. मग त्या जादा पैशांचा उपयोग शून्य.

आणि हा फक्त वेगाचा प्रश्न नाही. सॉकेट काळवंडलेलं असेल, प्लग लावताना ठिणगी उडत असेल किंवा बोर्ड गरम होत असेल, तर तिथे चोवीस तास चालणारं यंत्र लावूच नका. आधी परवानाधारक वायरमनला बोलवा. अडॅप्टरचे पैसे अर्थिंगवर गेले तरी ते सत्कारणीच लागतील.

पुढचा प्रश्न फेजचा. घराला थ्री-फेज जोडणी असेल तर ओसरी एका फेजवर आणि मागची खोली दुसऱ्यावर असू शकते. तरंग कधीकधी एका फेजवरून दुसऱ्यावर उडी मारतात, पण त्या भरवशावर खरेदी करू नये. वाड्यात आणखी एक गुंता असतो: वाटण्या. थोरल्याचं मीटर वेगळं, धाकट्याचं वेगळं. धाकट्याच्या खोलीत थोरल्याचं इंटरनेट या मार्गाने पोचेलच असं नाही. उलट, मीटर वेगळं असूनही तरंग थोडेफार शेजारी झिरपू शकतात. म्हणून दोन्ही अडॅप्टरवरचं पेअर बटण दाबून जोडी बांधून घ्यावी, म्हणजे माहिती 128 बिटच्या स्वतंत्र कुलपात जाते.

इन्व्हर्टरचा मुद्दा परदेशी माहितीपत्रकांत सहसा नसतो, पण आपल्याकडे तोच महत्त्वाचा. वीज गेली की घराची वायरिंग दुभंगते: काही बोर्ड इन्व्हर्टरवर जिवंत, बाकीचे मेलेले. राउटर इन्व्हर्टरवर आणि मागचा अडॅप्टर साध्या लाइनवर असेल तर ऐन परीक्षेत संपर्क तुटणार. दोन्ही अडॅप्टर इन्व्हर्टरच्याच लाइनवर हवेत. त्यातही स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर स्वतःच गोंगाट करतो, तेव्हा वीज नसताना वेग किती पडतो हे मेन स्विच पाडून आधीच पाहून ठेवावं.

विकत घेताना परत करण्याची मुदत बघा, प्लग आपल्या सॉकेटचा आहे ना तेही बघा. सैल बसणारे जोडप्लग इथे घात करतात. अडॅप्टर थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावायचा. स्पाइक बस्टरच्या पट्टीत लावला तर ती पट्टी तरंगांनाच कचरा समजून गाळते. पहिल्यांदा दोन्ही एकाच खोलीत लावून लॅपटॉपला लॅन केबलने वेग मोजा, मग दुसरा अडॅप्टर मागच्या खोलीत नेऊन पुन्हा मोजा. एकाच खोलीतही वेग नसेल तर अडॅप्टर किंवा तो बोर्ड खराब. इथे आहे आणि तिथे नाही, तर दोष मधल्या वायरिंगचा. संध्याकाळी सगळे दिवे, टीव्ही आणि मोटर चालू असताना एकदा मोजल्याशिवाय मुदत संपू देऊ नका.

खरं तर चौकाच्या कडेने किंवा तुळईलगत साधी कॅट 6 केबल नेता येत असेल तर अडॅप्टरच्या भानगडीत पडूच नये. ती 100 मीटरपर्यंत बिनतक्रार चालते आणि मिक्सरला घाबरत नाही. फक्त विजेच्या वायरीच्या पाइपातून ती नेऊ नका. मागचं घर परसाच्या पलीकडे सुटं असेल तर उघड्यावरून तांब्याची केबल टाळावी, वळवाच्या पावसात वीज कडाडली की दोन्ही टोकांची यंत्रं जाऊ शकतात. तिथे फायबरच बरं. आणि नवीन जोडणी घेणार असाल तर केबल ओढणाऱ्याला दारातच सांगा, राउटर ओसरीवर नको, माजघरात लाव. दहा-पंधरा मीटर केबल जास्त लागेल, एवढंच.