31 मार्च आणि आमचा सहा जणांचा क्लब



गाड्यांच्या शर्यतीचा व्हिडिओ गेम हा विषय बऱ्याच जणांना पोरकट वाटेल. आमच्या सौ.चंही मत तेच आहे. पण एक खेळ बंद पडला म्हणून चांगली पोक्त सहा माणसं मध्यरात्री हळवी झाली, त्याची ही हकिकत.

खेळाचं नाव 'ड्राइव्हक्लब'. ऑक्टोबर 2014 मध्ये तो प्लेस्टेशन 4 वर आला. बनवला होता सोनीच्या इव्होल्यूशन स्टुडिओजने, रनकॉर्नला. मी राहतो वॉरिंग्टनला, म्हणजे शेजारच्या गावचाच माल म्हणायचा. सुरुवात काही धड झाली नाही. पहिल्या दिवसांत सर्व्हरला गर्दी झेपली नाही आणि फुकट मिळणारी आवृत्ती तर जून 2015 पर्यंत लांबली. पण डिसेंबर 2014 मध्ये त्या खेळात पाऊस आला आणि सगळं चित्रच पालटलं.

पाऊस म्हणजे काय पाऊस! काचेवरचे थेंब वेगाबरोबर मागे पळायचे, वळण आलं की तिरके सरकायचे. रस्ते नॉर्वे, स्कॉटलंड, कॅनडा, चिलीचे आणि चक्क आपल्या भारतातले, निलगिरीचे. आता निलगिरी म्हणजे काही कोकण नव्हे, पण घाट पश्चिमच! जुलैत आंबा घाटातून गाडी काढलेल्या माणसाला ते ओलं वळण लगेच ओळखीचं वाटतं. (इंग्लंडातही बारा महिने पाऊस असतो. पण तो आपला नव्हे, हे तुम्हाला मी काय सांगावं.)

नावातच क्लब असलेल्या या खेळात क्लब मोजून सहा जणांचा. कुणीही एकट्याने गाडी हाणली तरी गुण सगळ्यांच्या खात्यात पडायचे. आमच्यात मी, पुण्याचा आतेभाऊ, त्याचा मस्कतचा मित्र, माझ्या ऑफिसातले दोघे आणि एक स्कॉटिश ट्रकवाला. हा ट्रकवाला कुठून आला ते कुणालाच आठवत नाही. दिवसभर खरी गाडी चालवून रात्री घरी येऊन पुन्हा खोटी चालवायचा आणि पावसात आम्हा सगळ्यांना धूळ चारायचा, तीही ओल्या रस्त्यावर!

त्यातली एक सोय मला फार आवडायची. एकटेच शर्यतीत असलात तरी मधेच एखाद्या टप्प्यावर दुसऱ्या कुणाचं आव्हान समोर यायचं, की या वळणावरचा त्याचा सरासरी वेग मोडून दाखव. पुण्यात भाऊ गाढ झोपलेला असायचा आणि इकडे मी त्याच्या नावाशी भांडत असायचो. आम्ही फोनवर बोलायचो ते फक्त गणपती-दिवाळीला. वळणावर मात्र रोज गाठ पडायची.

मार्च 2016 मध्ये स्टुडिओ बंद झाला. बरीच मंडळी पुढे कोडमास्टर्सकडे गेली. आईबाप गेलेलं पोर शेजाऱ्यांनी सांभाळावं तसा तो खेळ पुढे चार वर्षं चालला. 31 ऑगस्ट 2019 ला विक्री थांबली आणि सर्व्हर बंद करायची तारीख ठरली 31 मार्च 2020. मार्च एन्डिंग! हिशेब मिटवायला माणसांना हीच तारीख का सापडते कोण जाणे.

त्या रात्री बाहेर जग कुलूपबंद होतं. इथे 23 मार्चला लॉकडाउन लागलेला, भारतात 25 पासून. आमच्या रात्रीच्या नऊला पुण्यात दीड वाजलेला, मस्कतला बारा. तरी सहाच्या सहा हजर! आत्याला खोकला होता आणि भाऊ त्या काळजीत होता, हे मला त्या रात्री दोन शर्यतींच्या मधे कळलं. ट्रकवाल्याचं काम चालू होतं, दुकानांत माल तोच पोचवत होता. शेवटची शर्यत निलगिरीत, मुसळधार पावसात घ्यायची असं एकमताने ठरलं. आणि त्यात कुणीच जोरात गाडी चालवेना. सगळे एकामागून एक, लग्नाच्या वऱ्हाडासारखे. ट्रकवाल्याला शेवटच्या वळणापर्यंत राहवलं नाही, तो गेला पुढे. त्याचं बरोबरच होतं.

दुसऱ्या दिवशी क्लब नव्हता, गुण नव्हते, आव्हानं नव्हती. एकट्याने खेळायचा भाग तेवढा शिल्लक राहिला, आणि माझ्या मते हेही थोडं नव्हे. चार वर्षांनी, पुन्हा 31 मार्चलाच, 'द क्रू' नावाच्या खेळाचे सर्व्हर बंद झाले, तेव्हा विकत घेणाऱ्यांच्या हाती काहीच उरलं नाही. सगळाच खेळ सर्व्हरच्या भरवशावर! त्यावरून रॉस स्कॉट या गृहस्थाने मोहीम उभी केली आणि युरोपात त्या मागणीवर जुलै 2025 पर्यंत दहा लाखांवर सह्या झाल्या. पैसे मोजून घेतलेली वस्तू दुकानदाराने घरी येऊन उचलून न्यावी का, एवढाच साधा प्रश्न आहे. सही करणाऱ्यांना पोरकट म्हणणं मला तरी जमत नाही.

असो. आत्या खडखडीत बरी झाली. ऑफिसातल्या दोघांनी प्लेस्टेशन विकला. मस्कतवाला दुसऱ्या खेळात रमला. ट्रकवाल्याचं नाव आमच्या यादीत अजून आहे, नाताळात आम्ही एकमेकांना दोन ओळी लिहितो. खरं नाव आम्ही विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. भावाने मात्र ती डिस्क जपून ठेवली आहे. परवाच त्याने निलगिरीतल्या पावसाचा फोटो पाठवला आणि खाली त्या टप्प्यावरचा आपला वेग लिहिला. मी माझी डिस्क शोधतोय.