लहान लेकरांना घेऊन केवडियाला जाताय? निघण्याआधी एवढं ठरवा

म्हसावद (ता. शहादा) : शाळांना सुट्ट्या लागल्या की घरोघरी एकच विषय निघतो, यंदा पोरांना कुठं न्यायचं? मोबाईलवर पार्कचे व्हिडिओ पाहून मुलं हट्ट धरतात. खोपोलीजवळचं इमॅजिका इथून चारशे किलोमीटरहून जास्त लांब पडतं. गोराईचं एस्सेलवर्ल्ड 2022 मध्येच बंद झालं. म्हसावद, शहादा, तळोदा भागातल्या कुटुंबांना एका दिवसात गाठता येईल असं मोठं ठिकाण म्हणजे नर्मदेकाठचं केवडिया, आता त्याचं नाव एकतानगर. 182 मीटर उंचीचा सरदार पटेलांचा पुतळा, जंगल सफारी आणि मुलांसाठीचं पोषण पार्क, सगळं जवळजवळ आहे.

पण दोन-तीन वर्षांचं लेकरू सोबत असेल तर मोठ्यांसारखी धावपळीची सहल चालत नाही. पैसे खर्च होतात, मजुरी बुडते आणि पोर दुपारपासून रडतं ते घरी येईपर्यंत. असं होऊ नये म्हणून आधी काय ठरवावं, त्याची ही माहिती.

दिवस कोणता निवडावा?

पहिली गोष्ट, सोमवारी जाऊ नये. देखभालीसाठी पुतळा आणि तिथली प्रमुख ठिकाणं सोमवारी बंद असतात. दरवर्षी काही कुटुंबं दीडशे किलोमीटर जाऊन बंद गेट पाहून परत फिरतात.

शनिवार-रविवारी गर्दी जास्त. दिवाळीच्या सुट्टीत आणि 31 ऑक्टोबरच्या सुमारास, म्हणजे सरदार पटेल जयंतीला, तर विचारूच नका. शक्य असेल तर मंगळवार ते शुक्रवार यातला दिवस धरावा. एप्रिल-मे महिन्यात उन्हाचा तडाखा मोठा असतो. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा काळ लहान मुलांसाठी सगळ्यात बरा. मात्र त्या दिवसांत कापूस वेचणी आणि ऊसतोडणी असते, त्यामुळे घरातल्या मोठ्यांची कामं पाहूनच तारीख ठरवावी.

रस्ता आणि गाडी

नेहमीचा रस्ता शहादा, तळोदा, अक्कलकुवा, सागबारा, डेडियापाडा, राजपिपळा आणि मग केवडिया असा आहे. म्हसावदहून एका बाजूचं अंतर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास धरावं. मोठी माणसं चार तासांत पोचतील, पण लेकरं सोबत असली की पाच तास धरूनच चालावं. रेल्वेने जायचं तर नंदुरबारहून सुरत, वडोदरा असा मोठा फेरा पडतो. लहान मुलांसाठी तो सोयीचा नाही.

भाड्याची गाडी करत असाल तर मालकाला एक प्रश्न आधी विचारा, गाडीला गुजरातमध्ये जायचा परवाना आहे का? नसेल तर सीमेवर दंड आणि खोळंबा दोन्ही होतो. दुसरं म्हणजे नऊ जणांच्या गाडीत चौदा जण कोंबू नयेत. पुढच्या सीटवर मांडीवर पोर घेऊन बसणं सगळ्यात धोक्याचं. जोरात ब्रेक लागला तर आईच्या हातात कितीही बळ असलं तरी ती पोराला धरून ठेवू शकत नाही. लहानांना मागच्या सीटवरच बसवावं.

सागबारा-डेडियापाडा पट्ट्यात वळणांचा रस्ता आहे. गाडी लागणाऱ्या मुलांना निघताना पोटभर दूध किंवा तेलकट पुरी देऊ नये. थोडी भाकरी, केळं, कोरडा खाऊ पुरे. दर दीड तासाने गाडी थांबवावी. दोन वर्षांखालच्या बाळाला उलटीचं औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. मेडिकलवाल्याने सांगितलं म्हणून तर नाहीच.

एक दिवस की दोन दिवस?

लेकरं चार वर्षांखालची असतील तर एक मुक्काम करणंच बरं. एका दिवसात जाऊन-येऊन दहा तास गाडीत जातात. संध्याकाळचा लेसर शो पाहून निघालं तर घरी पोचायला मध्यरात्र उलटते आणि रात्री डोंगराचा रस्ता, वर चालक दिवसभराचा दमलेला.

मुक्कामासाठी केवडिया किंवा राजपिपळ्यात खोली मिळते. फोनवरच विचारून घ्यावं : खोली तळमजल्यावर आहे का, गरम पाणी किती वाजता येतं, सकाळी दूध मिळेल का, लहान मुलांचे वेगळे पैसे लागतात का?

दोन दिवसांचा सोपा बेत असा करता येतो :

- पहिला दिवस : पहाटे निघून दुपारच्या आधी पोचणं. जेवण, मुलांची झोप. ऊन उतरल्यावर पोषण पार्क. मुलं ताजी असतील तरच लेसर शो.
- दुसरा दिवस : सकाळी लवकर जंगल सफारी. त्यानंतर पुतळा. दुपारचं जेवण करून परतीचा रस्ता, म्हणजे अंधाराच्या आत अक्कलकुवा मागे पडतं.

एका दिवसात दोनच मोठी ठिकाणं, हा नियम पाळला तर पोरं चिडत नाहीत. दुपारची झोप मोडली की संध्याकाळ गेलीच म्हणून समजा.

लहानांसाठी तिथे काय आहे?

मुलांचं पोषण पार्क 30 ऑक्टोबर 2020 रोजी सुरू झालं. आत एक छोटी ट्रेन फिरते, तिला न्यूट्री ट्रेन म्हणतात. ती पाच स्टेशनांवर थांबते : फलशाका गृहम्, पायोनगरी, अन्नपूर्णा, पोषण पुराण आणि स्वस्थ भारतम्. एका ठिकाणी फळं-भाज्या, एका ठिकाणी दूध, एका ठिकाणी धान्य, अशी प्रत्येक स्टेशनावर खेळातून माहिती दिली जाते. आरशांचा भुलभुलैया आणि फाइव्ह डी थिएटरही आहे. आरशांच्या खोलीत लहान मूल पटकन घाबरतं, तिथे हात सोडू नये. फाइव्ह डी मध्ये खुर्च्या हलतात आणि मोठा आवाज होतो, तीन वर्षांखालच्या लेकराला बाहेरच एकाने सांभाळलेलं बरं.

जंगल सफारी म्हणजे सरदार पटेल प्राणी उद्यान, 375 एकरांवर पसरलेलं. पक्ष्यांचे मोठे घुमट आणि जवळून पाळीव प्राणी पाहायची जागा मुलांना सगळ्यात आवडते. पण चालणं भरपूर आहे. लेकरू कडेवर घेऊन इतकं चालायचं तर ओढणीची झोळी किंवा साडीचा जुना धडपा सोबत असू द्यावा. आळीपाळीने घेतलं तर एकट्या आईचा खांदा भरून येत नाही.

पोषण पार्कातली केळी-पपई पडद्यावर दिसते, शहादा तालुक्यात ती शेताच्या बांधावर लागते. परत आल्यावर ट्रेनमध्ये काय पाहिलं ते मुलांना विचारावं आणि तेच ताटात वाढावं. ज्या जिल्ह्यात कुपोषणाची चर्चा दरवर्षी होते, तिथे सहलीचा एवढा उपयोग झाला तरी पुष्कळ.

पाळण्यात उंची का मोजतात?

सारंगखेड्याच्या यात्रेत आकाशपाळणा सगळ्यांनी पाहिलाय. तिथे पोराला मांडीवर घेऊन बसणारे पुष्कळ असतात. मोठ्या पार्कमध्ये मात्र दाराशीच उंचीची पट्टी असते आणि मूल त्याहून बुटकं असेल तर आत सोडत नाहीत. अनेक पालक तिथे कर्मचाऱ्यांशी वाद घालतात.

नियमामागचं कारण साधं आहे. पाळण्यातला दांडा मोठ्या माणसाच्या मांडीवर टेकेल असा बसवलेला असतो. शेजारी मोठं माणूस असलं की दांडा त्याच्या पोटाशी अडतो आणि लहान मुलाच्या अंगापाशी मोकळी जागा राहते. झटका बसला की मूल त्या फटीतून खाली सरकतं. शिवाय लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानाने जड आणि मान कोवळी असते, जोराचा हिसका तिला सोसत नाही. म्हणून पट्टीवर उंची भरत नसेल तर टाचा वर करून पोराला आत घुसवू नये. हाच विचार गावच्या यात्रेतही करावा, तिथे पट्टी नसली तरी.

तिकीट आणि फसवणूक

पुतळ्याचं तिकीट ऑनलाइन काढता येतं. तीन वर्षांखालच्या मुलांना ते लागत नाही, तीन ते पंधरा वर्षांच्या मुलांना कमी दर असतो. वरच्या गॅलरीत लिफ्टने जायचं तिकीट वेगळं आणि त्याला वेळ ठरलेली असते. दर बदलत असतात, ते त्या दिवशीच पाहावेत. मुलांचं आधार कार्ड किंवा जन्मदाखल्याचा फोटो मोबाईलमध्ये ठेवला की वयावरून वाद होत नाही.

तिकीट किंवा हॉटेलच्या नावाने बनावट लिंक येतात. व्हॉट्सअॅपवर आलेल्या लिंकवर पैसे भरू नयेत. अनोळखी माणसाने 'आधी निम्मे पैसे टाका' म्हटलं तर थांबावं. फसवणूक झालीच तर लगेच 1930 वर फोन करावा. जितका उशीर, तितकी पैसे परत मिळण्याची आशा कमी.

खर्चाचा अंदाज घरीच काढावा. जाऊन-येऊन साडेतीनशे किलोमीटर आणि गाडी लिटरला बारा किलोमीटर देत असेल तर तीस लिटर डिझेल लागतं. त्यात तिकिटं, खोली, दोन दिवसांचं जेवण आणि बुडालेली मजुरी मिळवावी. एकूण रकमेच्या पाचव्या भागाएवढे पैसे वेगळे बांधून ठेवावेत. लेकरू आजारी पडलं तर तेच कामी येतात. सहलीसाठी व्याजाने पैसे काढणं मात्र टाळावं.

दवाखान्याची तयारी

निघण्याआधी आशाताईंकडून किंवा सरकारी दवाखान्यातून ओआरएसची पाकिटं घ्यावीत. पाकिटावर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात ती विरघळवायची. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. सहा महिन्यांखालच्या बाळाला उन्हाळ्यातही फक्त आईचं दूध, वरून पाणी नको.

आपल्या भागात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. अशा मुलाला पाणी कमी पडणं, खूप दमणं, थंडगार पाण्यात एकदम उतरणं यातून अंगदुखीचा झटका येऊ शकतो. त्याला दर थोड्या वेळाने पाणी पाजावं, उन्हात रांगेत उभं करू नये, वॉटर पार्कचा हट्ट टाळावा. सिकलसेलचं कार्ड आणि रोजच्या गोळ्या सोबत ठेवाव्यात. निघण्याआधी डॉक्टरांना एकदा विचारावं. कुपोषणाचे उपचार चालू असलेल्या मुलाला नेण्याआधीही विचारणं गरजेचं आहे.

108 ची रुग्णवाहिका गुजरातमध्येही मिळते.

लेकरू हरवलं तर?

गर्दीत ही भीती खरी आहे. आपल्याकडची कित्येक लहान मुलं घरात पावरी, भिली, अहिराणी किंवा गुजरी बोलतात. तिथला सुरक्षा रक्षक गुजराती किंवा हिंदी बोलतो. घाबरलेलं मूल काय सांगतंय ते त्याला कळेलच असं नाही. म्हणून :

- आई-वडिलांचं पूर्ण नाव, गाव म्हसावद, तालुका शहादा, एवढं मुलाकडून घरीच चार दिवस म्हणवून घ्यावं. 'मम्मी' किंवा 'आया' एवढंच सांगून कुणाची ओळख पटत नाही.
- दंडावर पेनाने मोबाईल नंबर लिहावा. नंबर सोबतच्या माणसाचा, घरी राहिलेल्याचा नको.
- सकाळी गाडीतून उतरताच मुलाचा आजच्या कपड्यांतला फोटो काढावा.
- कोणत्या लेकरावर कुणाची नजर, ते नावानिशी ठरवावं. 'सगळेच बघतायत' म्हणजे कुणीच बघत नाही.

मूल दिसेनासं झालं तर सगळ्यांनी चारी दिशांना धावू नये. एकाने तिथेच थांबावं, एकाने जवळच्या रक्षकाला फोटो दाखवावा. 112 आणि मुलांसाठीचा 1098 हे नंबर दोन्ही राज्यांत चालतात.

आजी-आजोबा सोबत असतील तर

केवडियाचं धरण आणि नंदुरबार जिल्ह्याचं नातं जुनं आहे. सरदार सरोवरात अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली 33 गावं बाधित झाली. मणिबेली त्यातलंच. तिथली कुटुंबं आज तळोदा, शहादा तालुक्यांतल्या वसाहतींत राहतात. 138.68 मीटर उंचीचं हे धरण सप्टेंबर 2019 मध्ये पहिल्यांदा पूर्ण भरलं.

नातवाला जिथे मोठं पाणी दिसतं, तिथे एखाद्या आजीला आपलं गाव आठवू शकतं. त्यांना घाईने पुढे ओढू नये. सेल्फीच्या आधी दहा मिनिटं बसू द्यावं, त्या काय सांगतात ते पोरांना ऐकू द्यावं. आणि कुणाला तिथे जायचंच नसेल तर तेही समजून घ्यावं, आग्रह करू नये.

आधी जवळची एक फेरी

पाच तासांचा प्रवास लेकराला झेपेल का, याचा अंदाज येत नसेल तर आधी तोरणमाळला किंवा प्रकाशाला एक दिवस जाऊन यावं. तोरणमाळचा घाट म्हसावदहून जवळ आहे. तिथे गाडी लागते का, दुपारी झोप येते का, बाहेरचं खाणं पचतं का, सगळं कळून येतं. चार वर्षांखालच्या लेकराला मोटारसायकलवर नेताना हेल्मेट आणि पट्टा लावायचा नियम आहे आणि वेग ताशी 40 किलोमीटरच्या वर नको. घाटात तर तोही जास्तच.

ही फेरी नीट पार पडली की केवडियाची तारीख धरायला हरकत नाही. फक्त तो सोमवार नाही ना, एवढं पुन्हा एकदा पाहून घ्यावं.